बारा दिवसांचे चाकू

आये, आज तुला लिहायला बसले आहे. हसू नकोस. तुला अक्षर येत नव्हतं हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि तू जाऊन किती पावसाळे झाले तेही ठाऊक आहे. पण काल दुपारी माहेरच्या पल्याडच्या वाडीतली माझी मैत्रीण येऊन गेली. तीच, जिच्याबरोबर मी लहानपणी शेण गोळा करायची. ओट्यावर बसून पान लावता लावता तिनं सहज एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून माझं कशात मन नाही. आज सकाळी भात करपला. ह्यांनी विचारलं, काय झालं, तर उगाच त्यांच्यावरच खेकसले. तुझ्याजवळ एक कबूल करायचं राहून गेलंय, तुझ्या त्या शिंपल्याच्या मुठीच्या चाकूबद्दल. ते मी सांगणार आहे, पण माझ्या चालीनं. घाई केलीस तर कागद फाडून चुलीत घालीन.

तुझ्या चाकूंची गोष्ट एका कोयत्यापासून सुरू झाली, आठवतं? मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. तू आसपासच्या वाड्यांत बाळंतपणं करायचीस आणि मी तुझ्या मागं मागं फिरायची. आपल्याकडची रीत अशी, की ज्या हत्यारानं नाळ कापली ते बाराव्या दिवसापर्यंत बाळंतिणीच्या उशाखालून हलवायचं नाही. उशाला लोखंड असलं की वाईट काही जवळ येत नाही म्हणतात. पण त्या घरात कोयता एकच होता. तिसऱ्या दिवशी आपण बाळाला न्हाऊ घालायला गेलो तर दारातच रणकंदन. नवऱ्यानं उशाखालचा कोयता काढून कमरेला अडकवला होता आणि त्याची आई त्याला शिव्यांची लाखोली वाहत होती. "रानात काय दातांनी तोडू?" असं तो म्हणत होता आणि आत ती बाळंतीण भिंतीकडं तोंड करून रडत होती. तू सरळ आत गेलीस. बाळाला न्हाऊ घातलंस, बाळंतिणीचं पोट बांधलंस आणि परत येताना वाटेत म्हणालीस, "त्येचं तरी काय चुकलं गं? बारा दिस हात बांधून बसंल तर खाईल काय?"

पुढच्या आठवड्यात तू लोहाराकडं गेलीस आणि पायलीभर नाचणी देऊन एक घडीचा चाकू घेऊन आलीस. मोडक्या पात्याला त्यानं शिसवी मूठ बसवली होती. मिटला की कुणाच्या मानेला लागत नाही आणि रानात त्याचा काडीइतका उपयोग नाही, म्हणून तो बारा दिवस निवांत पडून राहतो, कुणी उचलत नाही. केवढी अक्कल होती तुझी! एका चाकूनं मात्र भागेना, कारण तो एका घरात अडकला की दुसऱ्या घरी पोर वाट बघत थांबत नाही. मग दुसरा आला, कुळगीला साहेबाचा तळ पडायचा तिथल्या खानसाम्याकडून. त्याला दोन पाती होती, एक अर्धं तुटलेलं, आणि त्याबदल्यात तू आपला तांबडा कोंबडा दिलास. बाबांनी तीन दिवस तुझ्याशी बोलणं टाकलं. कोंबड्यासाठी नव्हे, तुटक्या पात्यासाठी. "सबंध कोंबडा देऊन अर्धा चाकू आणला हिनं," असं ते येईल त्याला सांगत सुटले.

आता खरं सांग, तिसऱ्यापर्यंत गरज होती, हे मी मानते. पण पुढं तुला नाद लागला. लागला की नाही? नाही म्हणू नकोस, उळवीच्या जत्रेत तुझ्याबरोबर मी असायची. माघात गाड्या उतरायच्या, सगळ्या बायका देवाला नाहीतर बांगड्यांना जायच्या आणि तू त्या घाटावरून आलेल्या चाकूवाल्याच्या पथारीसमोर उकिडवी बसायचीस. पहिल्या दिवशी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी एक एक उचलायचा, उघडायचा, मिटायचा, कानाजवळ नेऊन मिटतानाचा आवाज ऐकायचा. पातं डावीउजवीकडं हलवून खिळा ढिला आहे का बघायचं. पात्यावर फुंकर घालायची आणि वाफ किती लवकर उडते ते बघत बसायचं. भाव विचारायचा आणि तोंड वाकडं करून उठून जायचं. तिसऱ्या दिवशी तो बैल जुंपायला लागला की मग शिकेकाईचं गाठोडं आणि मिऱ्यांची पुरचुंडी घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं. तो कपाळाला हात लावायचा. "अक्का, दरसाल तू मला शेवटच्या घटकेला गाठतीस," म्हणायचा. आणि तू म्हणायचीस, "तू तरी दरसाल थांबतोस की रं." तुझ्यासारखी लबाड बाई मी पुन्हा बघितली नाही.

तू त्यांना नावं ठेवलीस. लोहारानं केलेली ती लोहारीण, खानसाम्याचा तो साहेब, सांबरशिंगाच्या मुठीची ती शिंगी आणि मिटताना आवाज न करणारी ती मुकी. मुकीनं नाळ कापली की पोरगाच होतो असं कुणीतरी उठवलं आणि मग बायका मुकीसाठी भांडायला लागल्या. तू ओरडायचीस, "पोरगा का पोरगी ते ठरून मगच मी चाकू काढते की गं, बायांनो!" पण ऐकतो कोण. पितळी मुठीचा एक तू परत केलास, पावसात हिरवा पडतो आणि हाताला वास मारतो म्हणून. बाकीचे बांबूच्या नळकांड्यात, भाताच्या कोंड्यात पुरून ठेवायचीस म्हणजे ओल लागत नाही. वर्षातून एखादाच दिवस, वैशाखात कधीतरी, सगळे एकदम घरी असायचे. त्या दिवशी तू सूप अंगणात ठेवून त्यात त्यांना ओळीनं मांडायचीस, कोकमाचं तेल बोटानं चोळायचीस आणि मला जवळ बसवून घ्यायचीस. तेव्हा तुझा चेहरा कसा व्हायचा, तुला सांगू? सगळी लेकरं पंगतीला बसलेल्या बाईसारखा. त्या सुपात लोहारीण आणि मुकी शेजारी पडलेल्या मला आत्तासुद्धा दिसतात.

शिंपल्याच्या मुठीचा तू तीन जत्रा बघत होतीस. पांढरी मूठ, उन्हात धरली की तिच्यातून निळं-गुलाबी पाणी फिरायचं. पहिल्या वर्षी तो परवडला नाही, दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी, माझं लग्न ठरलं त्या वर्षी, तू सालभराची शिकेकाई, सगळी मिरी आणि वर दोन चाकू असं सगळं त्याच्या पथारीवर ओतलंस आणि तो घेऊन आलीस. घरी आल्यावर तू तो नळकांड्यात तळाशी ठेवलास. मी म्हटलं, ह्याचं नाव काय? तर म्हणालीस, "नाव तुझ्या पोराच्या बारशाला. हा तुझा हाय. पयला तुझ्या उशाला जाईल, मग बाकीच्यांच्या." मी लाजून आत पळाले. चौदा वर्षांची होते, आये.

मग मी लग्न होऊन सुप्याला गेले. हे लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायच्या कामावर होते. माणूस लाखात एक, तुला माहीत आहे. घरात पोर नाही म्हणून हे मला कधी टोचून बोलले नाहीत. उलट रिकामी बसते म्हणून पाटी आणून मला अक्षरं शिकवली. पण वर्षं जात राहिली. चार, पाच, सात. मी माहेरी आले की आधी नळकांडं उघडून कोंड्यात हात घालायची आणि तळाशी ती गुळगुळीत मूठ बोटाला लागली की मला बरं वाटायचं. तू काही विचारायची नाहीस आणि मीही काही सांगायची नाही. तो तिथं आहे म्हणजे तू अजून आशा सोडली नाहीस, असं माझं आपलं गणित होतं. दुसरं कुणी मला तसं सांगत नव्हतं. सासरी पोराविषयी बोलणं बंद झालं होतं, वैद्य झाले, नवस झाले, ह्यांनीही "जाऊ दे" म्हणायला सुरुवात केली होती. तो चाकू तेवढा राहिला होता.

नवव्या वर्षी आषाढात मी तुला लावणीला मदत करायला आले. इरलं काढलं, पाय धुतले आणि नेहमीसारखा नळकांड्यात हात घातला. आत नुसता कोंडा. तू चुलीशी पेज ढवळत होतीस. मी विचारलं, "तो पण?" तू मान वळवली नाहीस. म्हणालीस, "व्हय. सहा घरं एकदम धरली ह्या पावसानं. तुझ्या मैत्रिणीला अवेळी कळा लागल्या, दुसरा न्हवता." तिचं ते तिसरं होतं. ती माहेरी आली होती, आपल्या पलीकडच्या वाडीत. मी म्हटलं, "तो माझा होता." आणि तेव्हा तू ते बोललीस. चिडून नाही, दमून. "किती वर्सं नुसता ठिवायचा, बाय?"

तू पुढं काही बोलली असशीलही, मला ऐकू आलं नाही. मी मागच्या दारानं गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीला डोकं टेकून रडले. आज विचार करते तेव्हा कळतं, की तुला तीन रात्रींची झोप नव्हती, हाताला चिखल्या झाल्या होत्या, आणि समोर रक्तात पडलेलं पोर असताना कोंड्यात पुरलेला चाकू बघत बसणारी बाई तू नव्हतीस. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं. पण त्या दिवशी मला एवढंच कळलं, की आईनंही नाद सोडला. सगळ्यांनी सोडला होता, आता तूही.

बाळाच्या सहाव्या दिवशी सकाळी तू तिकडून न्हाऊ घालून आलीस आणि सरळ शेतात गेलीस. मी पेजेचं मडकं घेऊन मैत्रिणीकडं गेले. ती बाळाला पोटाशी घेऊन झोपली होती, तिची आई मागं धुणं धूत होती. मी उशाखाली हात घातला. मूठ बोटाला ओळखीची लागली. ती घेतली आणि तिच्या जागी माझ्या अंबाड्यातला लोखंडी आकडा काढून सरकवला. लोखंड ते लोखंड, असं मनाला सांगितलं. मग घरी येऊन गाठोडं बांधलं, शेजारणीजवळ "ह्यांचा निरोप आला" असा तुला निरोप ठेवला, आणि तुला तोंड न दाखवता सुप्याची वाट धरली. आये, बाराव्याच्या आत उशाचं हत्यार काढलं तर काय होतं म्हणतात, हे सुईणीच्या लेकीला सांगायला नको होतं. मला सगळं माहीत होतं आणि तरी मी ते केलं. पुढं कितीतरी दिवस दारात कुणी आलं की माझा जीव उडायचा. ती गेली, किंवा तिचं पोर गेलं, असं कुणी सांगतंय की काय. पण तसा निरोप आला नाही. दोघी जगल्या.

दिवाळीला मी आले तेव्हा तू मला समोर बसवलंस, डोक्याला तेल घातलंस, विंचरलंस, अंबाडा घातलास. आणि त्यात काहीतरी खोचलंस. मी हात लावून बघितला. माझा आकडा. आता बोलशील, आता बोलशील म्हणून मी मान खाली घालून बसले, तर तू म्हणालीस, "केस गळाय लागलेत गं तुझं. माका लाव." झालं, एवढंच! तू चार शिव्या घातल्या असत्यास, झिंज्या धरून ओढलं असतंस, तर मी तिथंच सगळं ओकून मोकळी झाले असते. तुझ्या त्या गप्प राहण्याचा मला इतका राग यायचा! त्या वर्षी घरात भात कमी दिसला म्हणून मी विचारलं, तर म्हणालीस पाऊस धड लागला नाही. आमच्याकडं तर धो धो पडला होता, पण मी वाद घातला नाही.

आणि मग तो पौष. तुला खोकला लागला म्हणून हे गाडी करून तुला सुप्याला घेऊन आले. सकाळी उन्हात तुझी वाकळ टाकायची, तू भिंतीला टेकून बसायचीस आणि मी शेजारी तांदूळ निवडायची. तुझे चाकू परत मागवायचे का, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "जितं हायत तितं ऱ्हाऊ देत. कुनाच्या तरी कामाला येतील." मग थोड्या वेळानं, डोळे मिटूनच, "त्याची मूठ पिवळी पडली का गं?" कोणाची, हे मी विचारलं नाही. मी म्हटलं, "न्हाई आये. पांढरीच हाय." तू हसलीस. म्हणालीस, "कोंड्यात ठिव. उन्हात धरू नगंस लई." जत्रेच्या आधीच तू गेलीस.

आता कालचं सांगते. मैत्रिणीची ती तिसरी, आषाढातली पोर, आता स्वतः पोटुशी आहे. तिच्या बाळंतपणाच्या गोष्टी करता करता ही म्हणाली, "तुजी आये असती तर मला काळजी न्हवती. माज्या येळला सहा दिस उशाला बसली व्हती बाई, हलली न्हाई." मी विचारलं, सहा दिवस कशाला? तर म्हणाली, "तुला ठाव न्हाई? सातव्या दिशी आली, उशाखाली हात घातला. माज्या आयनं इचारलं, चाकू कुटं? तर म्हनली, तो माज्या लेकीचा हाय, मी चुकून हितं आनला, म्हून धाडला परत तिच्याकडं. आता बारावं हुईतवर लोखंडाच्या जागी मी बसते." तिची आई म्हणे पाया पडली, म्हणाली की आमच्या घरातला विळा ठेवतो, तू जा, तुझी लावणी अडलीय. तर तू म्हणालीस, ज्यानं नाळ कापली तेच लागतं, आणि नाळ माझ्या हातानं कापलीय. तुझ्या शेतातला भाताचा तरवा लावणीवाचून तिकडं पिवळा पडला, अर्धं शेत तसंच राहिलं. बाबा बांधावर उभे राहून हाका मारत होते आणि तू बाळंतिणीच्या उशाशी मांडी घालून बसून होतीस. पाऊस धड लागला नाही म्हणे!

तिला चोरीची काही कल्पना नाही. तिला वाटतं तूच पाठवलास. जाताना पायरीवर उभी राहून तिनं विचारलं, "पोचला न्हवं तुला? हाय न्हवं अजून?" मी मान हलवली. तुला एकदा सांगितलेलं आता तिलाही सांगितलं.

तर ऐक. तो माझ्याजवळ नाही. कधीच नव्हता. उशाखालून उचलला त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, मी काळी नदीच्या पुरात होडीत बसले. मधल्या धारेला आल्यावर तो कनवटीतून काढला. नऊ वर्षांत पहिल्यांदा नख खाचेत घालून त्याचं पातं उघडलं. तू ते इतकं लख्ख धुतलं होतंस, की त्यानं कुणाची नाळ कापलीय हे ओळखूसुद्धा येत नव्हतं. आणि मला इतका राग आला, तुझा, तिचा, माझ्या कोरड्या कुशीचा, की मी हात पाण्यावर नेला आणि मूठ सोडली. होडीवाला म्हणाला, "काय पडलं, वयनी?" मी म्हटलं, "काय न्हाई." म्हणजे दुसऱ्या दिवशी तू चिखलाच्या पायांनी तिच्या उशाशी जाऊन बसलीस, तेव्हा तो नदीच्या तळाशी पडला होता. आणि तू मात्र लेकीची वस्तू लेकीकडं पोचली म्हणून सहा दिवस समाधानानं बसलीस.

मला माफ कर, असं लिहायचं होतं. लिहिलं. हा कागद कुठं धाडायचा नाही, तो पेटीतल्या लुगड्याखाली राहील, ह्यांनाही दाखवणार नाही. आणि उगाच मोठेपणा नको, आये, तू आज जिवंत असतीस तरी हे पत्र तुला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. शेवटाशी येऊन मी घसा खाकरला असता, तुझ्याकडं बघितलं असतं, आणि कागदावर काहीही असलं तरी पुन्हा हेच वाचलं असतं, की न्हाई आये, पांढरीच हाय.